व्रणाजवळची पुळी पंधरा दिवसांत गेली नाही, तर...

छातीचं ऑपरेशन होऊन तीन-चार वर्षं झालेली असतात. केस परत आलेले असतात, घर आपल्या कामाला लागलेलं असतं. आणि एक दिवस अंघोळ करताना टाक्यांच्या जागी मसुराएवढं काहीतरी हाताला लागतं. दुखत नाही, खाजत नाही. दोन महिन्यांनी त्याच्या शेजारी आणखी दोन दिसतात. कुणी म्हणतं उष्णता आहे, कुणी म्हणतं ब्लाउजची शिवण घासत असेल. मेडिकलमधून मलम येतं, ते संपतं, दुसरं येतं.

नाशिक, निफाड, दिंडोरी, सिन्नर या भागातल्या वाचकांचे या विषयावरचे प्रश्न जवळपास सारखेच असतात. हा कातडीचा कॅन्सर का? कातडीवर आला म्हणजे सगळं संपलं का? तुकडा काढला तर पसरेल का? नाशिकला होईल की टाटालाच जावं लागेल? हा लेख त्या प्रश्नांसाठी आहे.

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. स्तनाचा कॅन्सर कातडीवर आला, तर तो कातडीचा कॅन्सर होत नाही. त्या गाठीतल्या पेशी स्तनाच्याच असतात, म्हणून औषधंही स्तनाच्या कॅन्सरचीच लागतात. ‘संपलं का’ या प्रश्नाचं उत्तर मात्र प्रत्येकीचं वेगळं असतं आणि ते तुकडा तपासल्याशिवाय कुणालाच देता येत नाही.

काय दिसलं तर थांबायचं नाही

बहुतेक वेळा हे छातीच्या त्याच बाजूला, ऑपरेशनच्या व्रणावर किंवा त्याच्या आसपास दिसतं. पण रूप एकच नसतं:

- कडक, न दुखणाऱ्या पुळ्या किंवा गाठी. कातडीच्या रंगाच्या, गुलाबी, लालसर किंवा जांभळट.
- पसरत जाणारी लाली आणि गरमपणा, पण ताप नाही.
- कातडी जाड, ताठ होणं. चिमटीत न येणं. छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटणं.
- ऑपरेशन न झालेल्या स्तनावर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे, किंवा बोंडावर बरी न होणारी खपली.
- भरून न येणारी, पाणी किंवा रक्त येणारी जखम.
- डोक्यावर केस गेलेला गुळगुळीत चट्टा किंवा गाठ. ही बहुधा तेल लावून देणाऱ्या मुलीच्या नाहीतर सुनेच्या हाताला आधी लागते.

ऑपरेशन होऊन दहा-पंधरा वर्षं झाली म्हणून निर्धास्त राहू नका. हार्मोनशी संबंधित कॅन्सर इतक्या वर्षांनीही परत येऊ शकतो. आणि कधी कधी कातडीवरची ही खूणच आजाराची पहिली खूण असते. त्या बाईला आपल्याला कॅन्सर आहे याचा पत्ताच नसतो.

फसगत कुठे होते

आपल्याकडे सगळ्यात जास्त फसगत नागिणीच्या नावाखाली होते. छातीवर लाल चट्टा दिसला की गेरूचा लेप लागतो. गेरू वाळून घट्ट बसतो आणि खालची कातडी दिसेनाशीच होते. तपासणीच्या टेबलावर आधी गेरू भिजवून काढावा लागतो आणि मग खाली गाठी दिसतात, हे मी पाहिलेलं आहे. नागिणीत पाण्याचे फोड येतात, भयंकर आग होते आणि दोन-तीन आठवड्यांत खपल्या धरतात. तसं झालं नाही, तर ती नागीण नाही असं समजून पुढे चला.

दुसरी फसगत गजकर्णाची. दुकानातून आणलेल्या मलमात बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्यानं लाली थोडी फिकी पडते, बरं वाटतंय असा समज होतो आणि महिने निघून जातात.

तिसरी, जंतुसंसर्गाची. डॉक्टर अँटिबायोटिक देतात, आणि पहिल्यांदा तसं देणं चूक नाही. पण खरा संसर्ग आठवड्याभरात उतरायला लागतो. एकदा कोर्स पूर्ण करूनही लाली तशीच असेल, तर दुसरा कोर्स घेण्याआधी तुकडा तपासणीचा आग्रह धरा.

शेक (रेडिएशन) घेतलेल्या जागेची गोष्ट थोडी वेगळी. शेक चालू असताना आणि नंतरचे काही आठवडे कातडी लाल, काळपट होतेच आणि हळूहळू निवळते. मात्र शेक होऊन काही वर्षांनी त्याच जागी मुका मार लागल्यासारखे जांभळे डाग उठले, तर तो क्वचित होणारा वेगळाच कॅन्सर असू शकतो. त्याचे उपचारही वेगळे असतात.

म्हणून नियम एकच ठेवा. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बाईच्या छातीवर, पाठीवर, पोटावर किंवा डोक्यावर नवीन आलेली कुठलीही गोष्ट पंधरा दिवसांत गेली नाही, तर तिचा तुकडा तपासलाच पाहिजे.

तुकडा तपासणी: भीती आणि वस्तुस्थिती

‘हात लावला की पसरतो’ हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरत नाही. तुकडा न काढता घालवलेल्या महिन्यांत तो पसरतो.

जागा बधिर करण्याचं इंजेक्शन देतात, तीन-चार मिलिमीटरच्या गोल पात्यानं कातडीचा छोटा तुकडा काढतात, एखादा टाका घालतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं, त्याच दिवशी घरी जाता येतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती आधी सांगा. नुसत्या सुईनं पेशी काढून केलेली तपासणी कॅन्सर आहे का एवढं सांगू शकते, पण औषध ठरवायला ती बहुधा पुरत नाही. शक्य असेल तर तुकडाच काढून घ्या.

नमुन्याची बाटली अनेक ठिकाणी नातेवाइकांच्याच हातात देतात. त्या वेळी तीन गोष्टी पाहा: तुकडा फॉर्मलिनमध्ये पूर्ण बुडालेला आहे ना (सलाइनमध्ये ठेवला तर तो खराब होतो), बाटलीवर नाव आणि तारीख आहे ना, आणि ती त्याच दिवशी लॅबमध्ये पोचते आहे ना. शुक्रवारी काढलेला तुकडा सोमवारपर्यंत कपाटावर ठेवू नका.

नावाकडेही लक्ष द्या. रिपोर्टवर लग्नाआधीचं नाव आणि रेशनकार्डावर सासरचं, असं झालं की पुढे योजनेची मंजुरी अडकते. बाटलीवर आधारकार्डाप्रमाणे नाव घालायला सांगा.

रिपोर्टमध्ये कॅन्सर आला, तर त्याच तुकड्यावर औषध ठरवणाऱ्या ईआर, पीआर (या दोन हार्मोनच्या) आणि हर-टू या तपासण्या करून घ्या. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी केल्या होत्या, मग आता कशाला, असं वाटेल. पण परत आलेल्या कॅन्सरचा स्वभाव काही जणींमध्ये बदललेला असतो आणि जुन्या रिपोर्टवर दिलेलं औषध वाया जाऊ शकतं. हर-टूचा निकाल ‘२ प्लस’ आला, तर तो अर्धवट समजा. त्यासाठी ‘फिश’ नावाची पुढची तपासणी लागते.

यानंतर आजार आणखी कुठे आहे का ते पाहतात. छाती-पोटाचा सीटी स्कॅन आणि हाडांचा स्कॅन, किंवा त्याऐवजी एक पेट-सीटी. दोन्ही लिहून दिले असतील, तर दोन्ही का लागतात ते विचारा. तो प्रश्न उद्धट नाही.

एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या अवस्था

‘कातडीला आलाय’ एवढंच ऐकून घरचे हातपाय गाळतात. पण त्याखाली तीन वेगळ्या गोष्टी असतात.

*पहिली:* ऑपरेशन झालेलंच नाही आणि स्तनातली गाठ वरच्या कातडीपर्यंत आली आहे. शरीरात इतरत्र काही नसेल, तर ही तिसरी पायरी आहे, चौथी नव्हे. आधी केमो, मग ऑपरेशन, मग शेक असा क्रम असतो आणि बरं करण्याच्या उद्देशानंच उपचार होतात. या बायकांना ‘आता काही उपयोग नाही’ म्हणून घरी बसवलं जातं, तेव्हा फार वाईट वाटतं.

*दुसरी:* ऑपरेशन झालेलं आहे आणि त्याच बाजूच्या छातीवर आजार परत आला आहे, पण स्कॅनमध्ये दुसरीकडे काही नाही. इथेही आजार पूर्ण काढून टाकण्याचा प्रयत्न होतो. काढता येण्याजोगं असेल तर ऑपरेशन, आधी शेक दिलेला नसेल तर शेक, आणि नंतर औषधं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात अशा वेळी दिलेल्या केमोचा फायदा दिसला. हार्मोनशी संबंध नसलेल्या कॅन्सरमध्ये तो जास्त होता.

*तिसरी:* आजार दुसऱ्या बाजूच्या छातीवर, पाठीवर, डोक्यावर किंवा फुप्फुस, यकृत, हाडांतही आहे. ही चौथी पायरी. इथे उद्देश आजार आटोक्यात ठेवण्याचा असतो आणि मुख्य काम औषधं करतात. योग्य औषध लागू पडलं, तर अनेक बायका वर्षानुवर्षं घरातली, शेतातली कामं करत राहतात.

चौथ्या पायरीत ‘आधी स्तन काढून टाका’ असा आग्रह घरचेच धरतात. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न ३५० स्त्रियांवर तपासला. २०१५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की आजार इतरत्र पसरलेला असताना स्तनाचं ऑपरेशन केल्यानं आयुष्य वाढलं नाही. जखम फुटलेली, रक्त येणारी असेल तर त्रास कमी करायला ऑपरेशन केलं जातं, तो वेगळा निर्णय. पण नुसत्या समाधानासाठी शेत गहाण टाकून ऑपरेशन करू नका.

औषध कशावरून ठरतं

- ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह: हार्मोनच्या गोळ्या किंवा इंजेक्शन, आणि चौथ्या पायरीत त्यांच्या जोडीला बऱ्याचदा पाल्बोसिक्लिब किंवा रायबोसिक्लिबसारखी गोळी. पाल्बोसिक्लिबचं पेटंट भारतात जानेवारी २०२३ मध्ये संपलं. तेव्हापासून देशी कंपन्यांच्या गोळ्या पुष्कळ कमी भावात मिळतात. एकाच कंपनीचं नाव लिहून दिलं असेल, तर डॉक्टरांना स्वस्त पर्याय विचारा. पाळी चालू असेल, तर अंडाशयाचं काम थांबवण्याचे उपचारही लागतात.
- हर-टू पॉझिटिव्ह: ट्रास्टुझुमॅबसारखी इंजेक्शनं, सहसा केमोसोबत. आधी हृदयाची टू-डी इको तपासणी हवीच. देशी बनावटीचं ट्रास्टुझुमॅब २०१४ पासून मिळतं.
- तिन्ही निगेटिव्ह: मुख्यतः केमो, काही जणींना इम्युनोथेरपी. या गटात, किंवा घरात आई-मावशी-बहिणीला स्तनाचा अथवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर बीआरसीए या जनुकाच्या तपासणीबद्दल विचारा. ती पॉझिटिव्ह आली तर वेगळ्या गोळ्या उपलब्ध आहेत.

छातीवरच्या गाठी शेकानं लहान होतात, वाहणारं रक्त थांबतं, दुखणं उतरतं. आधी शेक झालेला असला, तरी काही वेळा पुन्हा देता येतो; तो निर्णय जुन्या शेकाचे कागद पाहूनच होतो, म्हणून ते जपून ठेवा.

कातडीवरच्या आजाराची एक सोय अशी, की औषध लागू पडतंय का ते तुम्हाला डोळ्यांनी दिसतं. दर तीन आठवड्यांनी, दिवसाच्या उजेडात, शेजारी शाळेतली पट्टी धरून फोटो काढा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. ‘थोडं कमी वाटतंय’ यापेक्षा तो फोटो कितीतरी कामाचा.

जखम झाली असेल तर

यावर सगळ्यात कमी बोललं जातं, म्हणून इथे जरा थांबतो. जखमेला वास येतो. बाई मागच्या खोलीत जाऊन बसते, जेवायला बाहेर येत नाही, नातवाला जवळ घेत नाही. हा आजार संसर्गानं लागत नाही. ताट, कपडे, अंथरूण वेगळं करायची काहीही गरज नाही.

वास जखमेत वाढणाऱ्या विशिष्ट जंतूंचा असतो आणि त्यावर साधं, स्वस्त औषध आहे: मेट्रोनिडाझोल. त्याचं जेल मिळतं. ते न मिळाल्यास गोळ्यांची बारीक पूड जखमेवर टाकायला डॉक्टर सांगतात. प्रमाण त्यांच्याकडून लिहून घ्या. बहुतेकींना काही दिवसांतच फरक कळतो.

पट्टी बदलताना:

१. पट्टीच्या अर्धा-पाऊण तास आधी दुखण्याची गोळी द्या.
२. एक लिटर पाण्यात चमचाभर मीठ घालून उकळा, कोमट होऊ द्या.
३. जुनी पट्टी ओढू नका. त्या पाण्यानं भिजवा आणि सुटली की उचला.
४. जखम चोळू नका. वरून पाण्याची धार सोडा.
५. औषध लावून न चिकटणारी जाळी ठेवा. मेडिकलमध्ये ती पॅराफिन गॉज म्हणून मिळते.
६. वर शोषून घेणारा थर हवा. सॅनिटरी पॅड यासाठी उत्तम. जुन्या मऊ सुती साडीचे, धुऊन कडक उन्हात वाळवून इस्त्री केलेले तुकडेही चालतात.
७. चिकटपट्टी टाळा, नाजूक कातडी निघून येते. सैल बनियन किंवा पुढून बटणाचा ब्लाउज घालून पट्टी जागेवर ठेवा.

रक्त आलं तर स्वच्छ कापडानं दहा-पंधरा मिनिटं सलग दाबून धरा. मध्येच उचलून पाहू नका. रक्त थांबवणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड घरी ठेवायचं का आणि कसं वापरायचं, ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. जवळ एखादं गडद रंगाचं फडकं असू द्या, पांढऱ्या कापडावरचं रक्त पाहून बाई आणि घरचे दोघंही घाबरतात. थांबलं नाही तर १०८ ला फोन करा.

हळद-चुना, बिब्बा, तंबाखू, स्पिरिट, डेटॉल यांतलं काहीही जखमेवर नको. माश्यांमुळे अळ्या झाल्या, तर लाजून लपवू नका आणि सुनेला बोल लावू नका. रुग्णालयात त्या काढतात.

दुखणं गोळ्यांनी थांबत नसेल, तर मॉर्फिनबद्दल विचारा. ते ‘शेवटचं औषध’ नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्यास व्यसनाची भीती बाळगू नका. ते विशिष्ट परवाना असलेल्या रुग्णालयांतूनच मिळतं. जिल्हा रुग्णालयात किंवा तुमच्या कॅन्सर केंद्रात पॅलिएटिव्ह केअर विभागाची चौकशी करा. हा विभाग चालू उपचारांच्या जोडीनं, अगदी पहिल्या महिन्यापासून मदत करतो.

नाशिकमध्ये कुठे, मुंबईला कधी

तुकडा तपासणीसाठी मुंबई गाठायची गरज नाही. त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, शालिमारजवळचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय, आडगावचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय ही सुरुवात करायची ठिकाणं. इगतपुरी-घोटीकडच्यांना धामणगावचं एसएमबीटी जवळ पडतं. मुंबई नाक्याजवळ एचसीजी मानवता आणि पेठ रोडवर नामको इथे कॅन्सरचे उपचार होतात. केमो आणि शेक शक्यतो घराजवळ घ्या. दर तीन आठवड्यांनी कसारा घाट उतरणं हाही एक आजारच होऊन बसतो.

टाटाला जायचं ते दुसऱ्या मतासाठी, किंवा इथल्या डॉक्टरांनी पाठवलं तर. जाताना जुनी फाइल, स्कॅनच्या सीडी, आणि तुकड्याचे ब्लॉक व काचपट्ट्या न्या. नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही. तिथे त्या पुन्हा तपासतात. ब्लॉक लॅबमधून मागून घ्यावे लागतात, आयत्या वेळी मिळत नाहीत.

उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत सवलत आहे. पंचवटीसारख्या गाडीत सेकंड क्लास किंवा चेअरकारला रुग्ण आणि सोबतीला ७५ टक्के; स्लीपर आणि थ्री-टायर एसीत रुग्णाला पूर्ण भाडं माफ. रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. मुक्कामासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन इथे आधी चौकशी करून ठेवा.

पैसे आणि हक्क

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता पांढरं रेशनकार्ड असलेली कुटुंबंही येतात आणि वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. केमो, शेक, ऑपरेशन यांचे ठरावीक उपचार त्यात बसतात. सगळी नवी औषधं बसत नाहीत. तुमचा उपचार कुठल्या रुग्णालयात योजनेतून होतो, ते १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर विचारा आणि रुग्णालयात गेल्यावर पहिल्यांदा योजनेच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला भेटा. योजनेआधी बाहेर केलेल्या तपासण्यांचा खर्च साधारणपणे परत मिळत नाही, तेव्हा महागडा स्कॅन करण्याआधी आरोग्यमित्राशी बोला. योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा.

आणि हे तुमचे हक्क आहेत, कुणाचे उपकार नाहीत:

- तुमच्या उपचारांची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत मिळाली पाहिजेत.
- दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेता येतं. त्यासाठी कारण सांगावं लागत नाही.
- पुरुष डॉक्टर तपासत असतील, तर जवळ बाई असावी असं सांगता येतं.
- अंदाजे खर्च आधी विचारता येतो, आणि रुग्ण हक्कांची सनद रुग्णालयात लावलेली असली पाहिजे.

तुमच्या घरात छातीचं ऑपरेशन झालेली आई, सासू, आत्या, बहीण असेल, तर आज तिला एकटीला गाठून विचारा: टाक्यांच्या जागी काही नवीन आहे का? बहुतेक जणी स्वतःहून सांगत नाहीत.